भावजयीचा प्रवेश

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं येसूबाई एकटी राहायची. नवरा रावजी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि धाकटा दीर भिकू पंचवीस वर्षांपासून मुंबईला होता. दिवसकार्याला यायचा, पाया पडायचा, दुसऱ्या दिवशी निघायचा. तो का गेला ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. तरणा असताना तो गावच्या नाटकात बाईचं काम करायचा. एकदा भावजयीनं त्याचा केसांचा टोप चुलीत घातला, आणि तो आठ दिवसांत मुंबई गाठून बसला.

सत्त्याण्णव साली भिकूनं स्वतः नाटक लिहिलं. मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळ महाडला एका शाळेच्या सभागृहात त्याचा प्रयोग करणार होतं. शुद्धलेखन बघायला वही पूर्वी वाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या, आता महाडला राहणाऱ्या रघुवीर सरांकडे आली होती आणि शेजारची शकू, महाडला कॉलेजात होती ती, सरांसाठी त्या वहीची चांगल्या अक्षरात नक्कल करत होती.

"काकी, नाटकात एक भावजय हाय," शकू एका शनिवारी म्हणाली. "पहिल्या अंकाच्या शेवटाला ती टोप हातात घेऊन चुलीपुढं उभी ऱ्हाते. फुडची पानं सरांनी मला अजून दिली नायत."

"का नाय दिली?"

"काय की. भिकूकाका बदलतायत म्हणं."

येसूबाई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले आणि भाकरी तशीच राहिली. पंचवीस वर्षं हा माणूस एक अक्षर बोलला नव्हता. आता बोलणार, तेही चारशे माणसांपुढं.

सोमवारी ती पहिल्या एसटीनं महाडला गेली. सर चवदार तळ्याच्या मागल्या गल्लीत राहायचे. तिला ओळखून त्यांनी खुर्ची दिली, पण बसता बसता टेबलावरच्या वहीवर वर्तमानपत्र ठेवलं. ते तिनं पाहिलं.

"सर, भिकूचं नाटक कसलं हाय?"

"म्हणजे?"

"रडायचं का हसायचं?"

सरांना प्रश्न आवडला. "त्याचे बरेच प्रकार असतात, येसूबाई. शोकांतिकेत माणूस मुळात चांगला असतो. एखादी चूक करतो आणि त्या चुकीपायीच बुडतो. आपल्याला त्याचा राग येत नाही, कीव येते. सुखात्मिकेत गैरसमज होतात, पण शेवटी माणसं एकमेकांना सापडतात. प्रहसनात सगळेच थोडे येडे, नुसती पळापळ."

"आन् ज्याच्यात वाईट बाई असते, लोक तिला शिव्या घालतात, ते?"

"तो मेलोड्रामा. तिथं वाईट माणूस पडदा वर गेल्यागेल्या ओळखू येतो. तो वाईट का, हे कोणी विचारत नाही."

"ह्यातलं ह्ये कंचं?"

सर हसले. "ते आधी सांगितलं तर मजा जाईल. रविवारी या की."

त्यांचं हसू तिला बरं वाटलं नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, असं ती परतीच्या गाडीत स्वतःशी म्हणाली. पाणवठ्यावर बायका हळू बोलताना दिसल्या की आठवडाभर तिला वाटे, नाटकाचंच चाललंय. आपण गेलोच नाही तर? मग लोक म्हणतील, तोंड लपवलं. ती गेली.

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. भावजयीचं काम करणारी मुलगी रंगमंचावर आली तेव्हा पुढच्या दोन बायकांनी मागं वळून पाहिलं. पहिल्या अंकाच्या शेवटी मुलीनं टोप उचलला. चूल लाल दिव्यानं पेटलेली. येसूबाईनं पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात बोकडाचं सोंग घेतलेला एक नट आला आणि टोप तोंडात धरून पळाला. त्याच्यामागं भावजय, तिच्यामागं दीर, मग पाटील, मग भटजी. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. सगळा दुसरा अंक तोच पाठलाग चालला. नाटकातल्या नाटकात बाईच्या जागी बोकडालाच टोप घालून उभं केलं तेव्हा तर हशा थांबेना म्हणून पडदा पाडावा लागला. येसूबाई हसली नाही. जाळणं अजून येईल म्हणून ती शेवटपर्यंत वाट पाहत राहिली. ते आलं नाही.

प्रयोग संपल्यावर ती पडद्यामागं गेली. भिकू पडदे गुंडाळत होता.

"वयनी, आलीस? आवडलं?"

"बोकड कवा आला व्हता आपल्या घरात?"

भिकूनं पडदा खाली ठेवला. "पयलं मी खरंच लिवलं व्हतं. सर म्हणाले, ही भावजय टोप का जाळते? मी म्हटलं, वाईट हाय म्हणून. ते म्हणाले, तुला ठाऊक नाय, म्हणून तसं म्हणतोस. ते खरंच व्हतं. मला ठाऊक नाय. मग हसवलं."

येसूबाईनं बोलावं तर रावजी वाईट ठरत होता, आणि त्याला आता उत्तर देता येत नव्हतं.

"तुझा भाऊ सोयरीक बघाया गेला व्हता, तुझ्या बहिणीची," ती शेवटी म्हणाली. "तिथं लोक त्याला हसले. म्हणाले, तुमच्याकडं नवरी घरातच हाय की. तो कोयता घेऊन येत व्हता. हात तोडीन म्हणाला तुझे. वाटेवरनं कुणी सांगाया धावत आलं. मी टोप चुलीत घातला. जळताना बघून तो तिथंच बसला, खाली. रडला."

"दादा?"

"तो वाईट नव्हता रे."

मंडळाचा टेम्पो मुंबईला निघायच्या तयारीत होता, त्यात भिकूनं पडदे टाकले आणि पोरांना पुढं जायला सांगितलं. पोलादपूरच्या एसटीत तो तिच्या शेजारी बसला. कोण हसलं होतं, कुठल्या गावाला, दादा मग काय म्हणाला, असं एकेक विचारत राहिला. ती आठवेल तसं सांगत गेली.

"ह्येबी लिवशील तू," ती मधेच म्हणाली.

"नाय लिवणार, वयनी."

तिचा विश्वास बसला नाही. तरी पुढचं तिनं सांगितलं.