बस, वाक, हात वर

तिला सगळे टोळ म्हणायचे. शाळेत लांब उडीत तिच्या पुढे कुणी जात नसे, आणि घरातही ती जिना उतरायची म्हणजे शेवटच्या चार पायऱ्या हवेतूनच. आत्या म्हणायची, "हिला पाय दिलेत की स्प्रिंगा, देव जाणे."

टोळचं एकच वेड होतं. तडिता. तडिता म्हणजे कॉमिकमधली वीरांगना. उजवा हात वर करायची, आभाळातली वीज मुठीत पकडायची आणि दुष्टांची दाणादाण उडवायची. टोळ आठ वर्षांची असल्यापासून एकही अंक चुकला नव्हता. पहिली तीन वर्षं बसथांब्याजवळचा कॉमिकवाला दर वेळी विचारायचा, "भावासाठी का गं?" तिला भाऊच नव्हता. शेवटी एकदा तिने त्याला सलग अकरा अंकांची गोष्ट उभ्या उभ्या ऐकवली, तेव्हा कुठे त्याने विचारणं सोडलं.

तर अशा या टोळला जाहिरातवाल्याने निवडलं. हा बाबा प्रकाशकाकडून आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन आणि बोलणं असं की समोरच्याला श्वास घ्यायलाही परवानगी मागावी लागावी. 'तडिता – खास मुलींसाठी' नावाचा नवा अंक निघणार होता. शनिवारी चार वाजता कॉमिकवाल्याच्या दुकानात कार्यक्रम, आणि एक मुलगी तडिता बनून उभी राहणार. तिचा फोटो पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर. अख्खं पान!

शेवटचं पान. टोळ कित्येक वेळा ते पान उघडून, त्यावर स्वतःचा चेहरा कसा दिसेल याचा विचार करत झोपली होती. होकार द्यायला तिला अर्धा सेकंदही लागला नाही.

पोशाख शिवणार आत्या. आत्याचं शिवणाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनी, एक लांब टेबल, भिंतीवर शाळांच्या खेळाच्या गणवेशांचे कागदी साचे टांगलेले. टोळ रोज शाळेतून येऊन तिथे काज-बटण करत बसायची. जाहिरातवाल्याने टेबलावर मोठं पोस्टर पसरलं आणि चकचकीत निळ्या कापडाची घडी ठेवली.

"ताई, हुबेहूब असाच हवा. एक रेघ इकडची तिकडे नको."

आत्याने कापड उलगडलं. परत घडी केली. परत उलगडलं. "बाकीचं कापड गाडीत राहिलंय का?"

"नाही, एवढंच."

"एवढ्यात माझ्या उशीची खोळ होत नाही हो."

"ताणतं ते, ताई."

"ताणतं ते खरं," आत्या म्हणाली, "पण कुठवर?"

तरी तिने शिवला. चित्र गिऱ्हाइकाचं, कापड गिऱ्हाइकाचं. अंगाचं माप टोळचं घेतलं, पण काप चित्राबरहुकूम ठेवला. पोटाला एक भोक, पाठीला दुसरं भोक, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, इतका आवळलेला की आत्या पुटपुटत होती, "यात हात घालायचा की नुसता दाखवायचा?"

गुरुवारी ट्रायल. आत्याच्या दुकानातून कुठलाही कपडा तीन गोष्टी केल्याशिवाय बाहेर जात नसे, मग तो नवरीचा असो की चौकीदाराचा. बस, वाक, हात वर. हे तीन झाले की मगच इस्त्री.

टोळ पडद्याआडून बाहेर आली. दोन्ही हातांनी पोट झाकून.

"बस," आत्या म्हणाली.

टोळ स्टुलावर अर्धी टेकली आणि ताडकन उभी राहिली. "नाही बसता येत. खालून... नको, नाहीच."

"वाक."

ती वाकली. पाठीमागे चर्र झालं.

"हात वर."

उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. ती जोर लावतेय, कापड जोर लावतंय. शेवटी हात खाली आला.

आरशात तिने स्वतःला पाहिलं. कमरेला कापड रुतून लाल वळ उठला होता. तिने श्वास आत ओढला, पोट खपाटीला नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, शनिवारपर्यंत मी जेवण कमी करू का? मीच जाडी आहे बहुतेक."

आत्याच्या हातातली कात्री टेबलावर आपटली.

"काय म्हणालीस?"

"तिला बसतो ना चित्रात. मला बसत नाही म्हणजे..."

"ऐक कार्टे. तीस वर्षं झाली मी शिवतेय. चुकतं ते कपड्याचं माप. अंगाचं माप चुकत नाही. अंग असतं तसं असतं. आण ती टेप."

आत्याने पोस्टर टेबलावर सपाट केलं, कोपऱ्यांवर दोऱ्याची रिळं ठेवली. मग टोळचं डोकं मोजलं, हनुवटीपासून टाळूपर्यंत. चित्रातल्या तडिताचं डोकंही तसंच मोजलं.

"आता गणित तू कर. शाळेत काय उजेड पाडतेस बघू. हिचं डोकं तुझ्या डोक्याएवढं धरलं तर हिची कंबर किती?"

टोळने वहीत आकडे मांडले. खोडले. परत मांडले. मग तिने डोळे मोठे केले. "घेर पंधरा इंच!"

आत्याने टेप टोळच्या मांडीभोवती गुंडाळली. "एकोणीस. म्हणजे ही बया तुझ्या एका मांडीपेक्षा चार इंचांनी बारीक. हिने आतडी कुठे ठेवली? पर्समध्ये?"

"पर्सपण नाही हिच्याकडे," टोळ म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की टोळच्या पाठीची उरलीसुरली शिवणही सुटली.

मग दोघींना चेवच आला. आत्या लाल खडूने पोस्टरवर आकडे लिहीत गेली. कंबर पंधरा. टाच सहा इंच. पाय अंगाच्या मानाने फूटभर जास्त. आणि तडिता उभी अशी होती की छातीही आपल्याकडे आणि पाठीमागची बाजूही आपल्याकडे.

"पिळलेलं फडकं," आत्या म्हणाली. "दोरीवर वाळत घालतात ते."

टोळने कपाटातून जुने अंक काढले. सात वर्षांची तडिता. आत्तापर्यंत ती गोष्ट वाचत होती, आज पहिल्यांदा शिवण वाचली. त्याच अंकांतला पोलादवीर दोन्ही पायांवर घट्ट उभा. सपाट बूट. पट्ट्याला खिसे, मांडीला खिसे, आणि पोट व्यवस्थित झाकलेलं. त्याचे खांदेही दरवाजाएवढे, खरे नव्हतेच. पण तो लढताना दिसायचा. तडिता लढतानासुद्धा कुणीतरी बघतंय अशीच दिसायची.

"आत्या, या पोशाखात तिचा हात वर जाणारच नाही. ती वीज पकडणार कशी?"

आत्याने खडू कानावर खोचला. "तेच तर. सांग आता, काय करायचं?"

टोळने शेवटच्या पानाचा विचार केला. खूप केला. मग भिंतीवरच्या खेळाच्या गणवेशाच्या साच्याकडे बोट दाखवलं.

शनिवारी कॉमिकवाल्याचं दुकान मुलींनी भरलं होतं. मधल्या टेबलावर गुलाबी अंकांची चळत, प्रत्येकासोबत ओठांना लावायची चमक फुकट. टोळने एक अंक चाळला. त्यात तडिता वीज पकडून केस वाळवत होती. बाकी सगळ्या अंकभर ती पोलादवीरने फोन का केला नाही याचा विचार करत होती.

जाहिरातवाल्याने टोळला पाहिलं आणि त्याचे दोन्ही फोन एकदम खाली आले.

गणवेशाच्या कापडाचा निळा पोशाख, गळ्यापासून घोट्यापर्यंत. छातीवर पिवळी वीज. हात मोकळा फिरावा म्हणून बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातलेली, गुडघ्याला जागा सोडलेली, पायात तिचे रोजचे धावायचे बूट. आणि चार खिसे.

"हे काय आहे? हा ट्रॅकसूट आहे!"

आत्याने पिशवीतून एक छोटीशी घडी काढून त्याच्या हातात ठेवली. "तुमचाही तयार आहे. उसवला होता, परत शिवला, इस्त्रीही केलीय. घालणारी तेवढी तुम्ही शोधा."

"मॅडम, हे काल्पनिक असतं. पोलादवीर तरी कुठे खरा आहे?"

"नाहीच," टोळ म्हणाली. "पण त्याला बघून पोरांना वाटतं, आपण असं व्हावं. हिला बघून मला वाटलं, आपण जेवू नये."

तो खाली वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "हे बघ बाळ. शेवटचं पान हवंय ना? आत जा, बदलून ये, मुखपृष्ठासारखी उभी राहा. दोन मिनिटांचं काम. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

सात वर्षं. अख्खं पान. टोळने आत्याकडे पाहिलं. आत्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं, पिशवीची चेन लावत राहिली. म्हणजे हे तिचं तिनेच ठरवायचं होतं.

"ठीक आहे," टोळ म्हणाली. "पण ती पोझ मला जमत नाही. तुम्ही एकदा करून दाखवा. तुम्हाला जमली की लगेच बदलते."

"एवढंच ना?" त्याने फोन खिशात टाकले. मुखपृष्ठाकडे बघून पाय ठेवले, कंबर एकीकडे वळवली, छाती दुसरीकडे वळवली, मान तिसरीकडे.

"पाठ पण दिसायला हवी, काका," पुढचे दोन दात पडलेली एक छोटी मुलगी म्हणाली. "तिची दिसतेय."

त्याने आणखी पीळ दिला. कुठेतरी कट्ट आवाज झाला.

"आई गं!"

तो तसाच राहिला. कॉमिकवाल्याने धावत जाऊन त्याच्याखाली खुर्ची सरकवली. मुली आधी घाबरल्या आणि मग हसत ज्या सुटल्या त्या सुटल्याच.

"असं उभं राहून ती मारते कुणाला?" छोटीने विचारलं.

"स्वतःच्या कमरेला," आत्या म्हणाली.

खुर्चीतून कण्हत जाहिरातवाला म्हणाला, "ते पान विसर तू आता."

"विसरले," टोळ म्हणाली. विसरली वगैरे काही नव्हती. डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं, पण ते गालावर उतरायच्या आत ती दाराकडे पळाली. दुकानाला बाहेर चार पायऱ्या होत्या. तिने उंबऱ्यावर पाय रोवला, उजवा हात वर केला, सरळ, कानाला लागून, आणि झेप घेतली. चारही पायऱ्या, खालची कुंडी आणि त्यापुढची सायकलही मागे टाकून ती फुटपाथवर दोन्ही पायांवर उतरली. घट्ट.

एक टाका उसवला नाही.

"मुंढा बरोबर बसलाय," आत्या दारातून म्हणाली. आत्याकडून कौतुक इतकंच मिळतं.

मग मुलीच मुली. खिशात काय मावतं? (दोन अंक, टेप आणि खडूसुद्धा.) मला पण शिवाल? छोटी तर आत्याचा पदरच सोडेना. आत्याने तिला तिथेच उभं केलं. "बस. वाक. हात वर." आणि मागच्या सगळ्या जणींनीही, कुणी सांगितलं नव्हतं तरी, हात वर केले. कॉमिकवाल्याने आपल्या मोबाइलवर फोटो काढला. त्याचं बोट निम्म्या फोटोत आलंय, पण टोळने तो तसाच मोठा करून घेतला.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर ओठांच्या चमकेची जाहिरात आली. टोळने तो अंक कॉमिकवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्या पाहिला आणि परत ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. मग घरी जाऊन तिने प्रकाशकाला अकरा पानांचं पत्र लिहिलं, मापांसकट, आणि शेवटी लिहिलं: हात वर होणारी तडिता काढा, मग मी पुन्हा विकत घेईन, आणि माझ्यासारख्या आणखी तेवीस जणी घेतील. सह्या सोबत आहेत.

आत्याचं लाल खडूचं पोस्टर कॉमिकवाल्याने गल्ल्याच्या मागे लावलं. जाहिरातवाल्याचा फोन आला तेव्हा टोळ तिथेच होती. ते काढा, कंपनीची बदनामी होते, असं काहीतरी तो ओरडत होता.

कॉमिकवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"या की," तो म्हणाला. "टेप घेऊन या. एक जरी माप चूक निघालं तर काढतो."