भिंतीपलीकडची डिस्क

मी दिग्रसच्या शकीलभाईंच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमधून बोलतोय. खोलून पाहू नका, सापडायचो नाही. मी नुसता प्रोग्राम. ड्रायव्हर म्हणतात मला. भिंतीपलीकडे घरात डिस्कांची एक पेटी आहे. तिच्यातलं सगळं वायरीतून तुकड्यातुकड्यांनी आणायचं आणि कॉम्प्युटरला वाटू द्यायचं की डिस्क त्याच्याच पोटात आहे, एवढंच माझं काम.

मला जागं केलं शकीलभाईंच्या लेकीनं, गझालानं. तोवर मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोपऱ्यात निजून होतो. तिनं मला चालू केलं, पेटीचा पत्ता सांगितला, पेटीला माझं नाव कळवलं, पासवर्ड दिला. पत्ता तीच चुकली आणि बोल मात्र मला लावला. तरी माझा जीव जडला तो तिच्यावरच.

या घरात सगळे एका थाळीत जेवतात. वेगळं ताट घेणारा शकीलभाईंना आजारी वाटतो. गझालानं लॅपटॉप घेतला तेव्हा ते म्हणाले, घरचीच पेटी आहे, तूही जोड की. तिनं तीच डिस्क तिकडूनही जोडली. लॅपटॉपमधला ड्रायव्हर, म्हणजे माझा भाऊ, काय लिहितो ते इकडे कळेना, इकडचं त्याला कळेना. दोघं एकमेकांच्या लिहिण्यावर लिहीत सुटलो. आम्ही पडलो हुकमाचे ताबेदार.

त्याच आठवड्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून नेमसिंग आले. त्यांची आई चंदाबाई नुकतीच गेली होती. नात बबिता सासरी निघाली तेव्हा तिच्या गळ्यात पडून म्हातारीनं ढावलो म्हटला होता, पाठवणीचं रडतं गाणं. त्याचा व्हिडिओ शकीलभाईंनीच काढलेला, आणि तो याच डिस्कवर होता. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

"याडीचा आवाज आयकाचा हाये," एवढंच ते म्हणाले. आईला ते याडी म्हणतात.

शकीलभाईंनी डिस्क उघडली, तर ती उघडेचना. उलट पडद्यावर विचारणा आली, फॉरमॅट करायची का? घाबरून ते 'हो' दाबायला निघाले. मला हुकूम मोडता येत नाही. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

गझालानं त्यांचा हात धरला. "अब्बू, हात नोका लावू. माही चूक हाये. हे थाळी दोघायची नाही."

तिनं लॅपटॉप पेटीपासून सोडवला. मग एकट्या मलाच जोडलं, तेही फक्त वाचण्यापुरतं, आणि हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला. दुपारभर आम्ही पेटी धुंडाळली. काही लग्नं कायमची गेली. बबिताचं सापडलं.

गाणं काय नि रडणं काय, मला सगळे तुकडे सारखेच. मी आणत राहिलो. व्हिडिओ संपला. नेमसिंग म्हणाले, "आजून एक डाव लावा."

आता गझालाला त्याच पेटीत वेगळी डिस्क काढून दिली आहे. शकीलभाई अजून कुरकुरतात. तुम्हीही मला जोडाल तेव्हा एका डिस्कवर दोघांना बसवू नका, बाबांनो.

नेमसिंगना व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला आहे. तरी बाजाराच्या दिवशी ते इथंच येऊन बसतात. ते आले की मी तुकडे आणायला तयार असतो, कुणी सांगायच्या आधीच.