डाव्या दांड्याचं यंत्र

मी बडबडी आहे, हे आमच्या सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पोस्टात एक पाकीट टाकायला गेले तरी जेवायच्या वेळेपर्यंत परत येत नाही, असं माझा नवरा ऑरिन म्हणायचा. म्हणायचा, कारण बर्फ वितळायच्या सुमारास त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली ती गेलीच. कळत सगळं होतं. बोलत मात्र एक अक्षर नव्हता.

बोलायला शिकवणारी एक गोड पोरगी शहरातून यायची. सफरचंदाचं चित्र दाखवायची, मांजराचं दाखवायची, "म्हणा बघू" म्हणायची. अख्खा जन्म मोन्टानाच्या डोंगरात एल्क हरणांच्या मागे फिरलेला माणूस, आणि त्याला म्हणे मांजर म्हणा! तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं." आणि ऑरिननं मनावर घेणंच सोडलं होतं. मला त्याचीच धास्ती. उरलेलं आयुष्य या घरात मी एकटीच बोलत राहणार की काय?

त्याचा जीव होता मागच्या शेडमधल्या बाकावर. आमच्याकडे उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकत नाही. ती घासूनपुसून यंत्रात घालायची, दांडा ओढला की पुन्हा आकारात येते. मग खाली ठिणगी देणारी नवी टोपी, आत मोजून दारू, वर गोळी. शिकारीच्या हंगामाआधी घरोघरी हेच चालतं. आता आमच्या घरची बंदूक लेक चालवते, मार्नी. पण काडतूस बापाच्या हातचंच लागतं तिला, दुकानातल्याला ती नाक मुरडते.

आणि या कामाचा एक नियम आहे. पुंगळ्यांत दारू भरताना कुणी बोलायचं नाही. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक तोंडावरच फुटते. आमच्या पलीकडचा व्हर्न, बायकोनं विचारलं बटाटे उकडू का भाजू, त्यानं मान वर करून उत्तर दिलं, आणि त्या हंगामात एक डोळा गमावला. म्हणून मध्ये कुणी बोललंच तर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या डब्यात परत ओतायच्या आणि पहिल्यापासून सुरू. माझ्यापायी ऑरिननं किती वेळा दारू परत ओतली असेल, देव जाणे. "गप, व्हर्ला!" एवढंच म्हणायचा, न चिडता.

आजारपणानंतर तो एकदाच शेडमध्ये गेला. त्याच्या यंत्राचा दांडा उजवीकडे. डावा हात आडवा घालून ओढायला गेला, तोल गेला, पितळ सगळं जमिनीवर. मार्नी म्हणाली, "बाबा, डावखुऱ्यांसाठी नवीन यंत्र मिळतं, मागवते." त्यानं नको म्हणून मान हलवली आणि शेडकडे पाठ केली.

मग एक दिवस दाणा-चाऱ्याच्या दुकानात कळलं, म्हातारा ॲन्सेल ट्रुइट घर आवरतोय, लेकीकडे ॲरिझोनाला चाललाय. आणि त्याच्याकडे एक जुनं यंत्र आहे, दांडा डावीकडे असलेलं. मी दाण्याचं पोतं तिथंच टाकलं आणि गाडी काढली.

"विकायचं नाही ते," ॲन्सेल दारातूनच म्हणाला. "शहरातले दोघे येऊन गेले. फडताळात शोभेला ठेवतो म्हणाले. शोभेला! माझ्या बापाचं यंत्र आहे, फुलदाणी नाही."

"मला कुठं शोभेला हवंय? माझ्या घरात शोभेला मी पुरेशी आहे."

तो फिसकन हसला. "आत ये, पोरी," म्हणाला. मला नातवंडं आहेत, पण त्याच्यासमोर मी पोरच.

गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन त्यानं यंत्रावरचं गोणपाट काढलं. काळं बिडाचं धूड, माझ्या दोन्ही हातांनी उचललं नसतं असं. ॲन्सेलच्या बापाचा उजवा हात लाकडाच्या गिरणीत गेला होता. त्यानंतर त्या माणसानं ओळखीच्या ओतकामवाल्याकडे बसून हे यंत्र ओतून घेतलं होतं. दांडा डावीकडे. पुंगळी ठेवायची खाच डाव्या हाताला सहज सापडेल अशी. दारू ओतायचं नरसाळं धरायला दुसरा हात नाही, म्हणून त्यासाठी लोखंडी कडं बसवलेलं. एका हाताच्या माणसाला जिथं जिथं दुसरा हात लागला असता, तिथं तिथं त्यानं लोखंडाचा हात करून ठेवला होता.

"ओढ," ॲन्सेल म्हणाला.

मी ओढला. अहाहा! लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला. ना कुरकुर, ना हिसका. आणि लाकडी मुठीवर एक खळगा होता, अंगठ्याएवढा. कोरलेला नव्हे, झिजलेला. एका माणसानं उरलेल्या एका हातानं आयुष्यभर ओढून ओढून लाकूड झिजवलं होतं. लोक चर्चमध्ये जाऊन टोपी काढतात ना, मला त्या खोलीत तसं वाटलं.

"तुमचा बाप काय माणूस असेल हो, ॲन्सेल!"

"चिडका होता," तो म्हणाला. "ऑरिन वापरेल?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. "त्यानं सगळंच सोडलंय. बोलतही नाही."

ॲन्सेलनं मुठीवर हात ठेवला. "बाबाही हात गेल्यावर वर्षभर कुणाशी बोलला नव्हता," म्हणाला. मग त्यानं वाजवी पैसे घेतले आणि यंत्र गाडीत चढवायला शेजाऱ्याला हाक मारली.

मार्नीनं ते बाकावर बोल्टांनी आवळलं. ऑरिनला मी काही सांगितलं नाही, नुसतं शेडचं दार उघडं ठेवलं. मला न बोलता राहणं किती जड गेलं असेल विचार करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर काठी टेकत टेकत तो शेडकडे निघालेला. मी हळूच मागे गेले. तो यंत्रासमोर उभा होता. नरसाळ्याच्या कड्यावरून बोट फिरवलं, खाच चाचपली, मग मूठ धरली. अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला. त्यानं खाली पाहिलं.

मग स्टूल ओढलं आणि कामाला बसला. मी कॉफी घेऊन बादली उलटी घालून शेजारी बसले. एकेक पुंगळी खाचेत, दांडा खाली, दांडा वर. हात डावा, पण लय तीच. टोप्या बसल्या. पुंगळ्या भोकाभोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या राहिल्या. त्यानं तराजू काढला, दारू तोलली, कड्यातल्या नरसाळ्यातून पहिल्या पुंगळीत ओतली. एक दाणा बाहेर सांडला नाही. दुसरीत. तिसरीत. तो मेलेला माणूस आणि माझा जिवंत माणूस एकाच हातानं काम करताहेत असं वाटलं मला, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"अगं बाई, ऑरिन, बघ तरी कसं जमतंय तुला!"

"गप, व्हर्ला."

जाड, ओबडधोबड, जिभेला अडखळत आलेलं. पण आलं. त्याला स्वतःला कळलं की नाही कोण जाणे. त्याचं सगळं लक्ष ठोकळ्यावर. त्यानं एकेक पुंगळी उचलली, दारू डब्यात परत ओतली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओरडावं, त्याच्या गळ्यात पडावं, मार्नीला फोन लावावा, रस्त्यावर जाऊन व्हर्नला सांगावं, सगळं घशाशी आलेलं. पण दारू भरणं चालू होतं. डोळ्यांतलं पाणी कॉफीत पडत होतं आणि मी बसून राहिले. त्यानं भरलेल्या पुंगळ्यांवर बॅटरी धरली, प्रत्येकीत वाकून पाहिलं. मग एकेक गोळी बसवली. शेवटचं काडतूस ठोकळ्यात उभं केलं, मूठ सोडली आणि माझ्याकडे वळला.

"हं," म्हणाला. "बोल."

आणि देवाशपथ सांगते, मला एक शब्द फुटेना.