घराबाहेरचं नेट

आमच्या घरात अक्कल एकाच माणसाच्या वाट्याला आली आहे असा एक समज आहे, आणि तो पसरवायचं काम तो माणूस स्वतःच करतो. हे माझे मोठे दीर. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणते, मनात ऊर्जामंत्री. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे घरातल्या विजेचं खातं आहे. कुणी खोलीबाहेर पाऊल टाकलं की मागे खट्ट. गॅलरीत फोनवर बोलायला गेलेल्याचा दिवा बंद, पाणी प्यायला उठलेल्याचा पंखा बंद. एकदा मी पलंगाखाली चष्मा शोधत होते, तर खोलीत कुणी नाही असं समजून त्यांनी मला अंधारात टाकलं. वर मलाच ऐकवलं की, माणसानं दिसेल असं बसावं.

मी रक्त तपासायची मशीनं दुरुस्त करते. लहान लहान गावांतल्या हॉस्पिटलांमध्ये ती असतात आणि आलटून पालटून बिघडतात. हत्यारांची पेटी गाडीत टाकायची आणि निघायचं. मला हे काम मनापासून आवडतं. एकटीनं गाडी चालवायची, अनोळखी ठिकाणी मशीन उघडायचं, सगळे ज्याच्यापुढे हात टेकून बसलेले असतात तो बिघाड काढायचा आणि पुढच्या गावाला लागायचं. या कामात मला जेवढं मोकळं वाटतं तेवढं घरात कधीच वाटलेलं नाही.

यात एकच भानगड आहे. दुरुस्ती झाली तरी मशीन लगेच चालत नाही. बदललेल्या भागाचे फोटो मुख्य कचेरीला पाठवायचे, मग तिथून एक नंबर येतो, तो मशीनमध्ये घातला की त्याचं कुलूप उघडतं. हे सगळं नेटवरून. हॉस्पिटलचं वायफाय किंवा तिथल्या कुणाच्या फोनचं नेट वापरायला कंपनीची सक्त मनाई. मशीनची गुपितं कुणीतरी चोरेल अशी कंपनीला धास्ती आहे. ज्यांना त्या मशीनचं झाकण लावता येत नाही ते गुपितं काय चोरणार, देव जाणे.

तर माझं नेट रस्त्यावर मान टाकायला लागलं. फोन लागायचा, बोलणं व्हायचं, नेट मात्र शून्य. मी फोन उंच धरून हॉस्पिटलांच्या गच्च्या पालथ्या घातल्या. पाण्याच्या टाकीवर चढले. शेवटी गावात एखाद्या दुकानदारापुढे हात जोडून त्याचं नेट मागायचं, तोवर इकडे नमुन्यांच्या नळ्यांची रांग लागलेली आणि लॅबवाले माझ्याकडे मीच मशीन बिघडवल्यासारखे बघणार.

आमचे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतले पहिले. जन्मात कधी स्क्रू फिरवलेला नाही. त्यांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, आणखी एक मशीन असं लटकलं ना, तर मी तुम्हाला टेबलावर घेतो."

टेबल म्हणजे कचेरीतली खुर्ची. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांना सांगायचं, मशीन बंद करा, परत चालू करा. तिथे गेलेलं माणूस पुन्हा रस्त्यावर आलेलं मी पाहिलेलं नाही.

घरी मी हे बोलले, हीच चूक झाली. भाऊजींनी लगेच बाह्या सरसावल्या. "नेटचं माझ्यावर सोड. तुम्हा लोकांना त्यातलं काही कळत नाही."

घरातले सगळे फोन एकाच खात्यावर आहेत आणि त्या खात्याचे कुटुंबप्रमुख भाऊजी. फोन कंपनीनं त्यांना खरोखरच तसं नाव दिलेलं आहे, त्यांच्या फोनवर तसं लिहून येतं. त्या दिवसापासून त्यांची मान ताठच असते. ते मला दुकानात घेऊन गेले. तिथे एक टायवाला विक्रेता होता. त्याला प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर सुचलेलं असायचं.

"मॅडम फिरतीवर असतात? मग ही कंपनी बदला."

झालं. माझ्या एकटीसाठी अख्ख्या घरानं कंपनी बदलली. मी म्हटलं, मला वेगळं घेऊ द्या. भाऊजी म्हणाले, "एका घरात दोन चुली? मी असेपर्यंत तरी नाही."

घरी नवं नेट सुसाट पळालं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा ठणठणाट. टायवाल्यानं खिशात मावणारी डबी दिली, तिच्यात वेगळं सिम, तेही त्याच खात्यावर, माझ्या नावाखाली. संध्याकाळी घरी डबी झक्क चालली. सकाळी गावात पोचले तर डबीवर लाल दिवा. मग गाडीच्या टपावर अँटेना बसवली. भाऊजींनी ती स्वतः उभं राहून बसवून घेतली, दोनदा सरळ करायला लावली आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. रस्त्यावर मला तिचा उपयोग एवढाच झाला की पार्किंगमध्ये गाडी लांबून ओळखू यायची.

"तिकडे रेंजच नसणार, मॅडम," टायवाला म्हणायचा. मध्ये भाऊजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे राहायला गेले होते. तेवढे दिवस नेट सगळीकडे लख्ख चाललं. टायवाल्यानं लगेच पाठ थोपटून घेतली. म्हणे, आम्ही वर तक्रार केली, म्हणून टॉवर सुधारला. भाऊजी परत आले आणि टॉवर पुन्हा बिघडला. एवढं डोळ्यांसमोर असून मला काही कळलं नाही, कारण टायवाला आणि टॉवर यांना शिव्या देण्यातच माझा वेळ जात होता.

माझा नवरा मात्र गरीब गाय. आवाज चढवणं त्याला माहीत नाही. मी संध्याकाळी येऊन कुठल्या टाकीवर चढले, कोण काय बोललं ते तावातावानं सांगायची. तो हातातलं बाजूला ठेवून सगळं ऐकून घ्यायचा. मग हळूच म्हणायचा, "अगं, मग घे ना टेबल. निदान दगदग तरी वाचेल." मला वाटायचं, या घरात एक तरी माणूस माझी काळजी करतो.

मग ते हॉस्पिटल आलं. साहेबांनी सकाळीच बजावलं, "आज दुपारच्या आत मशीन चालू झालं नाही, तर उद्या कचेरीत या." बिघाड किरकोळ होता. पंप बदलला, फोटो काढले, पाठवायला गेले. नेट नाही. डबीवर लाल दिवा. लॅबमधल्या बाईंनी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला, मला ऐकू जाईल असा. आवारात दुकान नव्हतं, गाव लांब होतं. शेवटचा उपाय म्हणून मी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, पाया पडते, पण आत्ताच्या आत्ता मला दुसऱ्या कंपनीचं काहीतरी घेऊ द्या.

फोन मोठ्या जाऊबाईंनी उचलला. "ते आंघोळीला गेलेत. काय गं?"

"वहिनी, माझं नेट पुन्हा गेलंय."

"गेलंय कशानं? बंद केलंय ना त्यांनी."

"बंद केलंय म्हणजे?"

"तू बाहेर पडलीस की करतात ना. फोनमध्ये सगळ्यांची नावं आहेत, नावापुढे बटण आहे. जो घराबाहेर जाईल त्याचं बंद करायचं. तू आलीस की चालू करतात. का गं?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं.

"वहिनी, माझ्या नावापुढचं बटण दाबा."

"छे बाई, मी त्यांच्या फोनला हात नाही लावत."

"आत्ता कशानं बोलताय मग?"

"वाजला म्हणून उचलला."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

पलीकडे जरा वेळ नुसतीच खुडबुड ऐकू आली. आमच्या जाऊबाई एकेक नाव वाचत पुढे सरकत होत्या. "हे मुलाचं... हे माझं. अय्या, माझंही बटण आहे... हं, ही तू. हिरवं झालं बघ. ते ओरडले तर तुझं नाव सांगेन हं."

डबीवर हिरवा दिवा लागला. फोटो गेले, नंबर आला, मशीन घुरघुरलं. लॅबमधल्या बाईंनी आभार मानले नाहीत, पण नळ्या आत सरकवल्या. साहेबांचा निरोप आला, "वेळेत झालं." त्यांना बहुधा वाईट वाटलं असावं. माझा रस्ता वाचला होता.

संध्याकाळी मी गाडी लावली आणि तडक बैठकीच्या खोलीत गेले. भाऊजी खुर्चीत होते. नवरा टेबलाशी बसून कपडे इस्त्रीला द्यायचे म्हणून वेगळे काढत होता.

"भाऊजी, माझं नेट रोज तुम्ही बंद करत होतात?"

"मग! तू नाहीस, तर चालू ठेवून कुणासाठी जाळायचं?"

"मी ते बाहेरच वापरते."

"बाहेर?" ते खरंच चकित झाले. "बाहेर तू कामाला जातेस ना?"

"कामालाच लागतं ते! मग ती डबी कशाला घेऊन दिलीत? गाडीवर अँटेना कशाला बसवलीत?"

"गाडी दारात उभी असली की घरातली रेंज वाढते," ते म्हणाले. "तुला फरक जाणवला नाही?"

मी कपाळाला हात लावला. या माणसाच्या हातात माझी नोकरी होती. मी इतकी वर्षं रोज सकाळी घरातून कुठे जाते आणि काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. बाहेर गेलेलं माणूस त्यांच्या हिशेबी रिकाम्या खोलीसारखं. मी तोंडाला येईल ते बोलले. आठवत नाही सगळं, पण जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि परत गेल्या नाहीत.

भाऊजींचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर कशाला खेकसतेस? मी काय माझ्या मनानं केलं? पहिल्याच दिवशी याला विचारलं होतं. हा म्हणाला, करा बंद."

मी नवऱ्याकडे वळले. त्याच्या हातात माझाच कामाचा शर्ट होता. त्यानं तो घडी केलेल्या कपड्यांवर ठेवला, परत उचलला.

"तुला माहीत होतं?"

"दादा म्हणाला होता तसं काहीतरी."

"मी रोज येऊन तुला सांगत होते. टाकीवर चढले तेही सांगितलं."

"हो."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"मला वाटलं, एखाद्या दिवशी घेतील तुला टेबलावर," तो म्हणाला. नेहमीच्याच मऊ आवाजात, जेवायला वाढू का विचारतो तशा. "त्यात वाईट काय होतं? संध्याकाळी वेळेवर घरी असतीस. मी तुझ्या भल्याचंच बघत होतो."

भाऊजींना नेट म्हणजे काय ते कळत नव्हतं. याला सगळं कळत होतं. मी घरी येऊन रडकुंडीला यायची तेव्हा हा माझ्या पाठीवरून हात फिरवायचा आणि वाट बघायचा. महिनोन्महिने मी भाऊजींची, टायवाल्याची, साहेबांची मनातल्या मनात सालटी काढली. त्यातलं थोडं तरी याच्यासाठी ठेवायला हवं होतं.

"मी दादाला सांगतो," तो घाईघाईनं म्हणाला. "तुझं कायम चालू ठेवेल तो."

"नको," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या दुकानातून माझ्या एकटीच्या नावावर जोडणी घेतली. दुकानातल्या बाईंनी, कुठे कुठे फिरता, असं विचारलं. मी गावांची नावं सांगितली आणि त्यांनी त्याप्रमाणे सिम दिलं. यापलीकडे त्या निवडीत काहीही नव्हतं. घरचं सिम आणि डबी मी भाऊजींच्या पुढ्यात ठेवली. अँटेना उतरवून गॅलरीत उभी केली, घरातली रेंज वाढायला.

आठवडा संपता संपता मी सकाळी पेटी गाडीत ठेवत होते, तेव्हा नवरा खाली आला. माझी बॅग नेहमीपेक्षा मोठी आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुझा नवा नंबर अजून दिला नाहीस," तो म्हणाला.

"तो कामाचा आहे."

"अगं, पण मला तुझ्याशी बोलायचं झालं तर?"

"घरी आले की बोलू."

"बरं," तो म्हणाला. "संध्याकाळी लवकर ये."

मी गाडी सुरू केली. साहेबांकडून मी लांबचा पट्टा मागून घेतला होता. तिकडे गेलेलं माणूस महिना महिना परत येत नाही. त्याला ते सांगायचं चुकून राहिलं नव्हतं, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.