तांबेऱ्याची शिदोरी

कोरीटच्या धुडकूला एकच ध्यास होता: तांबेऱ्याला न जुमानणारा गहू. चार वर्षांपूर्वी या रोगाने सगळं शिवार लाल भुकटीने माखलं, तेव्हा त्याच्या वावरात एकच झाड हिरवंगार उभं राहिलं. त्याचं बी त्याने जपलं, वाढवलं. पण पुढे तीन वर्षं तांबेरा फिरकलाच नाही. रोगच नाही, तर कुठलं झाड खरं नि कुठलं खोटं, कळावं कसं? गाव सुखात होतं आणि हा माणूस तोंड पाडून हिंडत होता.

शेवटी १९३४च्या पौषात त्याने नको तेच केलं. तापीकाठच्या एका गावात तांबेरा पडल्याचं कळताच हळदकुंकू नि अक्षता घेऊन गेला, रोगट गव्हाला रीतसर आवतन दिलं, दोन पेंढ्या मानाने बैलगाडीत बसवून आणल्या आणि आपल्या वाफ्यावर झटकल्या. पाहुणा आला. पण आलेला पाहुणा एकाच घरी थोडाच जेवतो? महिन्याभरात अख्खं शिवार लाल झालं. धुडकूच्या वाफ्यात मात्र सात झाडं स्वच्छ राहिली. तो बांधावर बसून आनंदाने रडला, आणि लोकांना वाटलं, पस्तावला.

सुगी झाल्यावर पंचांनी फर्मावलं, ज्याने बोलावला त्याच्याच घराने बोळवण करावी. बोळवण म्हणजे बायकोचं काम. जसोदाबाई रीतीभातीची बाई. मानाच्या पाहुण्याला चिमलेला दाणा कसा द्यायचा? तिने कोनाड्यातल्या पुरचुंडीतला सात झाडांचा, धुडकूने बियाण्यासाठी राखलेला टपोरा गहू काढला. निम्म्याच्या घुगऱ्या शिजवून नैवेद्य दाखवला, निम्मा कोराच बांधून शिवेवरच्या बाभळीला टांगला. वाटेत खायला शिदोरी नको?

धुडकू घरी आला, रिकामा कोनाडा पाहिला, पानातल्या घुगऱ्या पाहिल्या. त्याची चार वर्षं शिजून मऊ झाली होती. शिदोरीचं कळलं मात्र, तसाच अनवाणी शिवेकडे पळत सुटला. मागे जसोदाबाई, तिच्यामागे गाव.

बाभळीवर चढून त्याने पुरचुंडी सोडली नि छातीशी धरली. पाहुण्याला दिलेली शिदोरी परत घ्यायची, असलं पाप गावात कुणी पाहिलं नव्हतं. जसोदाबाईला रडू फुटलं.

"पाहुना उपाशी गया ते परत येई," ती म्हणाली.

धुडकूच्या हातांना काट्यांनी रक्त आलं होतं. त्याने पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली.

"येऊ दे," तो म्हणाला. "त्याना बिगर माले कसं समजी?"