पत्र्याचा आवाज

शेवंतीने तिसऱ्यांदा ट्रेलरच्या जमिनीवर टेकवलेल्या फाळक्यावर पुढचा खूर ठेवला, पत्रा ठणकन वाजला आणि घोडी पुन्हा नाचायला लागली. दोन्ही पाय आळीपाळीने छातीपर्यंत उचलत होती, मान वाकवत होती, कमरेतून डुलत होती. अंगावरून घामाचे ओघळ चालले होते, तोंडाला फेस आला होता. पण घोडीच्या तोंडाकडे बघतो कोण? सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर.

"देखा, देखा! चढाना आधीच नाची ऱ्हायनी!" भूपेंद्र मोबाइल उंच धरून ओरडला. "अशी घोडी बठ्ठा जिल्हामा नही!"

हा भूपेंद्र विसरवाडीचा. वरातीला घोड्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. चुनीलालभाऊ वारल्यावर त्यांच्या मुलाने, उमाकांतने, शेवंती त्याला विकली होती, आणि तो तिला न्यायला नवाकोरा ट्रेलर घेऊन रनाळ्यात आला होता. ट्रेलरला आतून निळे दिवे, आरसे, पंखा, गाणी वाजवायला दोन डबडी. घोडीच्या पायाखाली मात्र गवताची काडी नाही. बडा घर पोकळ वासा.

भिला बांधावर उभा राहून हे बघत होता. तो पचकन थुंकला. त्याला शिसारी आली होती. एक जण घोडीच्या मागून दोर लावून तिला पुढे ओढतोय, दुसरा तिच्या पुठ्ठ्यावर खराटा मारतोय, तिसरा शिट्ट्या घालतोय. जन्मात गाढव हाकललं नसेल, आणि निघाले जातिवंत घोडी चढवायला!

तीस वर्षं भिला हेच काम करत आला होता. सारंगखेड्याच्या जत्रेत कुणाचं घोडं गाडीसमोर बिथरलं की लोक आधी भिलाला शोधत. घोडं बघायची त्याची एक खूण होती. निवांत असलेलं घोडं मागचा एक पाय सैल सोडतं, खुराचं टोक नुसतं टेकवतं आणि तीन पायांवर उभं राहतं. भिला आधी तो पाय बघायचा. शेवंतीला मात्र तसं उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. जातिवंत घोडी अशीच ताठ असते, असं तो चारचौघांत सांगत आला होता.

"बाजूले व्हा सगळा," तो बांधावरून उतरला. "खराटा फेका तो. घोडी शे का अंगन शे?"

खराटेवाला हसला, पण बाजूला झाला. उमाकांत पुढे आला. तो कापसाच्या हिशेबात हुशार; घोडीचं त्याला प्रेम नव्हतं आणि तिचा रागही नव्हता. तबेल्याची जागा त्याला गोदामाला हवी होती.

"आबा, बारा वाजालोंग देखा. नही चढनी ते भूपेंद्रभाऊ सुई देई. त्यानी आनेल शे."

भूपेंद्रने खिशावर थाप मारली. कुठल्या तरी ओळखीच्याकडून आणलेली गुंगीची सुई. डॉक्टर नाही, कागद नाही.

भिलाचं डोकं भणाणलं. "सुई दिधी का घोडीना पायमा जीव ऱ्हास का? पहिलं वळन उनं का ती आडवी पडी. मन्हा डोयासमोर एक घोडं मान मोडीसन मरेल शे. खिसामाच ठेव ती."

"मंग चढाडा ना," भूपेंद्र म्हणाला. "कोन नही म्हनस?"

भिला कामाला लागला. ट्रेलर फिरवून त्याने बांधाला टेकवला, म्हणजे चढ राहिला नाही. पंखा बंद करायला लावला. आरशांवर पोती टांगली, कारण बंद जागेत समोर दुसरी घोडी दिसली की घोडं घाबरतं. मग रोजच्या गव्हाणीतला कडबा आत टाकला. ओळखीचा वास आला की निम्मी भीती जाते. सगळं मन लावून केलं. मग लगाम धरून तिला आणली, तिने खूर ठेवला, पत्रा ठणकन वाजला आणि नाच सुरू.

"आठे बी नाचनी!" भूपेंद्र खिदळला. मोबाइल पुन्हा वर.

साडेअकरा झाले होते. भिलाला कळेना. घाबरलेलं घोडं मागे सरतं, उधळतं, लाथ झाडतं. ही नाचते कशाला? विचार करता करता त्याने लगाम दुसऱ्या हातात घेतला, तेव्हा नेहमी काखेत असणारा चिंचेचा फोक सटकला आणि फाळक्याच्या कडेवर पडला.

ठण्.

शेवंती तेव्हा फाळक्यापासून चांगली चार हात लांब होती. पायाखाली माती होती. तरी तिचे पाय उचलले गेले. डावा, उजवा, डावा, उजवा. कान मागे चिकटलेले, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. आणि ते डोळे ट्रेलरकडे नव्हते, फोकाकडे होते. मग फोकावरून ते भिलाच्या हातावर आले.

भिलाला कळलं. ही गाडीला भीत नव्हती. ही त्याचा हुकूम पाळत होती.

नऊ वर्षांपूर्वी चुनीलालभाऊंनी दोन वर्षांची ही पांढरीशुभ्र शिंगरी आणली आणि भिलाच्या हातात दिली. तिला नाचरी कर म्हणाले. खळ्यात जुना पत्रा टाकला, त्यावर तिला उभी केली, दोन्ही बाजूंनी दोर ताणले. भिला डाव्या हाताने पत्र्याची कड वाजवायचा आणि उजव्या हातातला फोक तिच्या पायाच्या नळीवर ओढायचा. ठण् झालं की फोक. ठण् झालं की फोक. पंधरा दिवसांत फोकाची गरज उरली नाही. चुनीलालभाऊंनी गावासमोर भिलाला फेटा बांधला. तो फेटा अजून त्याच्या घरी खुंटीला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोट करून दाखवायचा. पुढे गावोगावच्या वराती झाल्या. शेवंती चालत जायची, ढोल लागला की नाचायची, नवरदेव खूश, वऱ्हाडी खूश. भिला म्हणायचा, रक्तातच नाद आहे तिच्या.

नाद! मघापासून तो या लोकांना बघून थुंकत होता. आता थुंकायला दुसरं कुणी नव्हतं. मोबाइल धरणारा भूपेंद्र परवडला, त्याला निदान माहीत तरी नव्हतं.

त्याने फोक उचलला, गुडघ्यावर मोडला आणि बांधापलीकडे भिरकावला.

"नालामातून रेती आना," तो म्हणाला. "वली रेती. आनि पोता आना, जितला व्हतीन तितला."

"मन्हा नवा ट्रेलर शे आबा!" भूपेंद्रचा मोबाइल खाली आला.

"धुवाई जाई. घोडी मरनी ते काय धुशी?"

उमाकांतने घड्याळ पाहिलं, पण दोन माणसं पाठवली. आधी पत्र्यावर पोती, त्यावर वीतभर ओली रेती, वर कडबा. फाळक्यावरही तसंच. भिलाने त्यावर टाच आपटून पाहिली. आवाज मेला होता. तरीही त्याने लगाम हातात घेताच शेवंतीची मान ताठ झाली आणि चारी पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. मग त्याने ते केलं, जे तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. लगाम सोडला आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

"वहिनी! ओ वहिनी! तुमीन या."

निर्मलाबाई, चुनीलालभाऊंची बायको, चुलीपुढे भाकरी करत, दाराकडे पाठ फिरवून बसली होती. घोडी जाताना बघायची नाही असं तिने ठरवलं होतं. ती आली, एका हातात भाकर, दुसरा पिठाचा हात पदराला पुसत.

"तुनाच्यानी नही व्हनं का रे भिला? इतला मोठा फेटावाला तू."

"मन्हाच्यानी नही व्हवाव, वहिनी. माले देखीसन नाचस ती."

निर्मलाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आते समजनं तुले? मन्हा समोर ते रोज दुपारले उभ्या उभ्या झोपस ती, एक पाय ढीला सोडीसन. तू फाटकमा दिसना का जागी व्हस."

भिलाने मान खाली घातली, पण पाय ढिला सोडण्याची गोष्ट त्याला पटली नाही. म्हातारीचं प्रेम आहे, काहीही दिसतं तिला.

तो ट्रेलरच्या पुढे, घोडीच्या नजरेआड जाऊन उभा राहिला. निर्मलाबाईने हातातली ज्वारीची भाकर मोडून एक तुकडा पुढे केला आणि मागे न बघता फाळक्यावरून आत चालत गेली. रेतीवर खूर पडल्याचा धप् असा आवाज आला. मग दुसरा. मग चारही. बस. एवढंच काम होतं.

"आते उतरसू कशी मी?" आतून निर्मलाबाईचा आवाज आला. पुढच्या लहान दारातून भिलानेच तिला हात देऊन उतरवली. तिने त्याचा हात लगेच सोडला आणि घरात गेली.

विसरवाडीपर्यंत भिला ट्रेलर ओढणाऱ्या भूपेंद्रच्या जीपमध्ये पुढे बसला. "पानीना भरेल हंडा मांडीवर शे असं समजीसन चालाड," त्याने बजावलं. गतिरोधक आला की तो हात वर करायचा, वळण आलं की आधीच ओरडायचा. भूपेंद्र वैतागला, पण गाडी हळू चालली. नंदुरबार सोडल्यावर एकदा थांबून भिलाने ट्रेलरच्या फटीतून पाहिलं. शेवंती घामेजलेली नव्हती. कडबा खात होती. चारी पाय रेतीत घट्ट होते. चालत्या गाडीत पाय कोण सैल सोडतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

भूपेंद्रचा तबेला महामार्गाला लागूनच, तारेच्या कुंपणात होता. शेवंती उतरली तीही न नाचता. तिला निंबाखाली बांधली, पाणी दाखवलं. ट्रक गर्जत जात होते, पण तिने कान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

"आते मन्हा ट्रेलरमातली रेती काढा पहिले," भूपेंद्र म्हणाला. "फावडं शे तठे."

भिलाने फावड्याकडे पाहिलं. मग दहा पावलांवरच्या निंबाकडे. तो आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी रेती ओढून पोत्यात भरायला लागला.

"आबा, फावडं ल्या ना! हात सोलाई जातीन!"

"ऱ्हाऊ दे."

साठीतला माणूस पाऊण तास ओणवा होता. नखांत रेती गेली, बोटांची टोकं फाटली. शेवटची पोती त्याने उचलली नाहीत, ओढत बाहेर नेली. पत्रा एकदाही वाजला नाही.

भूपेंद्र चहा घेऊन आला. तो खुशीत होता. "उद्यापाईन तिले डीजेनी सवय लावनी शे. तुमीनच या ना आठ दिन. तुमनाच हातनी घोडी शे."

भिलाने चहाचा घोट घेतला नव्हता. कप त्याने तसाच खाली ठेवला. "मन्हा हातनी शे, म्हनीसनच नही येवाव," तो म्हणाला. "आनि एक सांगस. तिले पत्रावर उभी नको करू कधी. इतलं कर."

"हो हो," भूपेंद्र म्हणाला. तो मघाचा व्हिडिओ बघत होता.

निघण्याआधी भिला निंबाकडे दोन पावलं गेला. शेवंतीने खाणं थांबवलं. मान वर, कान मागे, चारी पाय ताठ. रेतीने भरलेले हात त्याने पाठीमागे घेतले आणि तो वळला.

फाटकाबाहेर रस्ता ओलांडून तो एसटीची वाट बघत थांबला. एक ट्रक गेला, मग दुसरा. धूळ बसल्यावर त्याने तारेच्या कुंपणातून पलीकडे पाहिलं. निंबाच्या सावलीत शेवंतीने मान खाली सोडली होती. ओठ लोंबला होता. आणि मागचा डावा पाय तिने सैल सोडला होता, खुराचं टोक मातीला नुसतं टेकवून.

एसटी आली. भिला पटकन चढला. कुंपणाकडच्या बाजूची खिडकी रिकामी होती, पण तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.