नंबरातले शेवटचे दोन आकडे

धुलाईखात्यात तिला सगळे मुकादमबाई म्हणत. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात हे खातं होतं. रोज सकाळी सातला वरच्या मजल्यांवरून चादरींची बोचकी घसरत खाली येत आणि मुकादमबाई आपल्या आठ बायकांना घेऊन त्यांच्यामागे लागे. वाफेनं तिचे हात कायम लाल आणि पाय कायम सुजलेले. अशी एकोणतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला दोन उरली होती, ती कुणाच्या अध्यात ना मध्यात राहून ढकलावीत, एवढीच तिची इच्छा. पण वडिलांचं पदक मध्ये आलं.

वडील सैन्यात आचारी होते. आता एक्क्याऐंशीचे. एका पायानं लंगडत, पण स्वतःचे कपडे स्वतः घडी घालत. आई गेल्यापासून बापलेक दोघंच त्या दोन खोल्यांत राहत होते. वर्षातून एकदा माजी सैनिकांचा मेळावा भरे. त्या दिवशी ते कोट चढवत, छातीवर तीन पदकं लावत, आणि ती त्यांना मेळाव्याच्या दारापर्यंत पोचवून येई.

त्या वर्षी दारात एक तरुण अधिकारी यादी घेऊन उभा होता. त्यानं सैन्यातला नंबर विचारला, यादीवर बोट फिरवलं, मग छातीकडे पाहिलं.

"आजोबा, तुमच्या नावावर एकच पदक आहे. सेवेचं. ही दोन, जखमेचं आणि शौर्याचं, काढून ठेवता का? अलीकडे लोक कुठूनही विकत आणून लावतात, म्हणून वरून तसा हुकूम आहे."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. वडिलांनी पिना काढायला घेतल्या. पिन निघेना. मागे रांग खोळंबली. रांगेतला एक जण म्हणाला, "आचाऱ्याला कसलं हो शौर्यपदक? भाजी करपली नाही म्हणून?"

लोक हसले. वडीलही हसले. ते हसले, हे मुकादमबाईला जास्त लागलं.

पुढचे दोन दिवस ते नेहमीसारखेच होते. तिसऱ्या दिवशी ताटावरून उठताना म्हणाले, "ते कागद नीट करता येतात का, बघशील?"

आयुष्यात त्यांनी लेकीकडे फार काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "बघते."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तिला ठाऊक होतं. किती सहा महिने, ते ठाऊक नव्हतं.

सेवानोंदींचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं. लांब बोळ, भिंतीला लागून बाक, बोळाच्या शेवटी जाळीची खिडकी, आणि खिडकीमागे जाड चष्म्याची एक कारकूनबाई. तिच्या मागे छतापर्यंत फडताळं, फडताळांत दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. पहिल्या खेपेला वडीलही सोबत होते; कारकूनबाईनं त्यांच्या नोंदपत्रकाची प्रत काढून दिली. पानं चार, आणि चौथ्या पानाच्या तळाशी छापलेलं होतं : वरील नोंदी वाचून पाहिल्या, बरोबर आहेत. त्याखाली वडिलांची सही, सैन्यातून सुटतानाची.

"सही तुमचीच ना, काका?"

"माझीच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"वाचलं कुठे? माझ्या मागे साठ माणसं उभी होती. सगळ्यांना घरी जायचं होतं. मलापण."

कारकूनबाईनं चष्मा वर सारला. ती वाईट बाई नव्हती. तिच्यासमोरच्या ढिगाकडे पाहिलं की तिचीही दया यावी. "जखमेचं पदक सोपं आहे," ती म्हणाली. "लष्करी इस्पितळाचा कागद असेल तर चढवता येईल. शौर्याचं मात्र मंजुरीपत्र लागतं. ते आहे?"

नव्हतं. एक फीत होती. पुलाच्या लढाईनंतर खुद्द पलटणीच्या मोठ्या साहेबांनी ती छावणीत सगळ्यांसमोर त्यांच्या छातीला लावली होती. पदक मागाहून टपालानं येईल, असं सांगितलं. ते आलंच नाही. चार वर्षं वाट पाहून वडिलांनी दुकानातून तसलंच एक आणलं आणि फितीखाली टाचलं. म्हणजे फीत खरी, पदक दुकानातलं. कागदाच्या जगात दोन्हीची किंमत सारखीच.

पुलावर काय झालं, ते त्यांनी तिला कधी धड सांगितलं नव्हतं. अर्जात घटनेचं वर्णन लिहायचं होतं म्हणून एका दुपारी तिनं समोर बसवून वदवून घेतलं. पुलापलीकडच्या चौकीत बावीस माणसं अडकली होती. नऊ दिवस. रोज पहाटे वडील खांद्यावर अन्नाचे दोन डबे टाकून पूल ओलांडत.

"आणि परत येताना?"

"रिकाम्या हातानं कशाला यायचं? जखमी असेल त्याला पाठीवर घ्यायचो."

"किती जणांना आणलंत?"

"पाच. त्यातला एक वाटेतच गेला. ते पण लिहायचं का?"

"विचारलेलं नाही त्यांनी."

"मग राहू दे." थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, लिही. तो होता."

जखमेचं पदक चार महिन्यांत नोंदीवर चढलं. शौर्याच्या अर्जाचं मात्र भिजत घोंगडं पडलं. एकदा अर्ज परत आला, कारण फोटो दोन हवे होते. एकदा आला, कारण नमुना बदलला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा पाकिटात दुसऱ्याच कुणाचे कागद निघाले. ते पोचवायला तिला रजा काढून जावं लागलं. पलटणीचे साहेब कधीच वारले होते. चौकीतल्या बावीसांपैकी एकाचाही पत्ता लागेना. धुलाईखात्यातल्या बायका आता विचारायच्या, "बाई, आज चादरी की पदक?" तीही हसायची. सोमवारी रजा, मंगळवारी दुप्पट बोचकी. संध्याकाळी घरी आली की कोमट पाण्यात पाय सोडून बसायची, आणि वडील विचारायचे, "काही कळलं?" मग त्यांनी विचारणं सोडलं. तेव्हा तिला अधिकच शिणल्यासारखं झालं.

दीड वर्षानं कारकूनबाईचा फोन आला, तोही सकाळच्या घाईत. "ताई, सापडलं. काकांना आणू नका, आधी एकट्या या."

मंजुरीचा मूळ आदेश दुसऱ्याच एका गठ्ठ्यात निघाला होता. आदेशावर नावं नव्हती, फक्त नंबर. वडिलांच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे चार आणि सात. टंकणाऱ्यानं सात आणि चार केले होते. तो नंबर त्याच पलटणीतल्या एका नालबंदाचा होता, खेचरांना नाल ठोकणाऱ्या माणसाचा. पदक त्याच्या नोंदीवर चढलं होतं, आणि टपालानं त्याच्याच घरी गेलं होतं.

"मग आता?"

"आता त्यांच्या पत्रकातून काढायचं आणि काकांच्या पत्रकात घालायचं. ते स्वतः नाहीत. बायको आहे. तिला नोटीस जाईल. तीस दिवसांत हरकत आली नाही, तर झालं."

"आणि आली तर?"

कारकूनबाईनं ढिगाकडे पाहिलं. "तर चौकशी."

मुकादमबाई बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली. दीड वर्ष तिला वाटत होतं, आपण एका कागदाशी भांडतोय. आता त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी म्हातारी निघाली. भिंतीवर चौकट असेल, चौकटीत पदक असेल, नातवंडांना सांगितलेली गोष्ट असेल.

घरी आल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

"नालबंद," ते म्हणाले. "उंच होता. खेचरांशी बोलायचा, माणसांशी नाही. मी चांगला ओळखत नव्हतो."

"थांबवू का सगळं?"

"का?"

"त्यांच्या घरी नोटीस जाणार, म्हणून."

ते चिडले. कित्येक वर्षांत चिडले नव्हते, ते चिडले. "माझं होतं ते! चोरून मागतोय का मी? पाच माणसं आणली मी पाठीवरून." आणि मग एकदम उतरलेल्या आवाजात, "तुला कंटाळा आला असेल तर थांबव."

"आलाय कंटाळा," ती म्हणाली. "थांबवत नाही."

नोटीस गेली. अठराव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, धुलाईखात्याच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. बारीक अंगाची, हातात कापडी पिशवी. इतक्या पायऱ्या उतरून तिला धाप लागली होती. मुकादमबाई कुठे काम करते, ते तिला नोंदींच्या कार्यालयातून कळलं होतं.

"आचाऱ्याची मुलगी तू का?"

मुकादमबाईनं धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर तिला बसवलं, पाणी दिलं. "मावशी, आम्हाला तुमचं काही हिरावून घ्यायचं नव्हतं," तिनं सुरुवात केली.

"ऐक पोरी, मला परत तेवढ्या पायऱ्या चढायच्यात," म्हातारी म्हणाली. "आधी माझं ऐक."

तिनं पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. आत पदक होतं, अजून मूळच्या पातळ कागदात गुंडाळलेलं.

"यांनी एक दिवसही लावलं नाही. पार्सल आलं त्याच दिवशी म्हणाले, हे माझं नाही, मी कधी पुलावर गेलोच नाही. तीन पत्रं लिहिली परत घ्या म्हणून. उत्तर एकाचंही नाही. स्वतः जाऊन आले, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, सरकार देतंय तर घ्या की मुकाट्यानं." तिनं डबीखालून तीन पोचपावत्या काढल्या, पिवळ्या पडलेल्या. "मरायच्या आदल्या महिन्यातसुद्धा म्हणत होते, कुणाचं तरी माझ्याकडे पडून राहिलंय. मी म्हणायची, असू दे हो, कुणाला कळतंय. ते म्हणायचे, ज्याचं आहे त्याला कळत असेल."

म्हातारीनं डबी मुकादमबाईच्या हातात ठेवली. यंत्राचा घरघराट चालू होता. एक बाई चादर झटकायची थांबून बघत होती.

"कुठे सही करायची ते सांग," म्हातारी म्हणाली. "आणि यांच्या कागदावरून ते काढतील ना? पुसून, नीट? तेवढं बघ हं."

म्हणजे तिलाही दुरुस्तीच हवी होती. मुकादमबाईनं तिचा हात धरून पायऱ्या चढवल्या, मधल्या वळणावर दोघी थांबल्या, आणि दोघींनाही दम लागला होता.

त्यानंतरही पाच महिने गेले. सही हवी असलेला अधिकारी रजेवर होता, मग त्याची बदली झाली. शेवटी एका गुरुवारी पाकीट आलं. दुरुस्त नोंदपत्रकात पदकं तीन. पुलाचं नाव, तारीख, नंबर, सगळं बरोबर. सोबत नालबंदाच्या पत्रकाचा उतारा : सदर नोंद चुकीने झाली होती, रद्द केली आहे.

वडिलांनी दोन्ही कागद चष्मा लावून वाचले, डबीतलं पदक हातात घेतलं, उलटून पाहिलं. "हे दुकानातल्यापेक्षा हलकं आहे," म्हणाले. मग दुकानातलं कुठे टाकावं, यावर दोघांचं थोडं वाजलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण दोघंही इतकी थकली होती की तो कुठल्या कोपऱ्यात होता, ते शोधायला कुणी उठलं नाही.

रविवारी दुपारी वडील म्हणाले, "नालबंदाच्या बाईंना फोन लाव. जाणं मला झेपायचं नाही."

तिनं लावून दिला. वडिलांनी नाव सांगितलं, आभार मानले, आणि त्यांचं बोलणं संपलं. पलीकडून आवाज येत राहिला.

"हो," वडील म्हणाले. "हो, खेचरांशीच बोलायचे... नाही, मला माहीत नव्हतं... मग?"

त्यांनी हातानं खुर्ची ओढली आणि बसले. मुकादमबाई पलंगावर पाय लांब करून पडली. पलीकडची म्हातारी काहीतरी लांबलचक सांगत होती, वडील मधूनमधून "मग?" म्हणत होते, आणि तिसऱ्या की चौथ्या "मग?"ला तिचा डोळा लागला.